बत्तीस टाक्यांचा राक्षस

शिडी दोनदा पळून आला होता. पहिल्यांदा एमआरआयच्या खोलीच्या दारातून आणि दुसऱ्यांदा थेट यंत्राच्या फळीवरून, अंगात हॉस्पिटलचा मागून उघडा झगा असताना. त्या झग्यात सहा फूट चार इंचांचा, बहात्तर वर्षांचा माणूस पार्किंगपर्यंत तरातरा चालत गेला, ही गोष्ट त्याच्या मेहुण्यानं पुढे महिनाभर ज्याला त्याला सांगितली. सांगणारच. मेहुणे असतात कशाला?

आज तिसरी खेप होती, आणि डॉक्टरांनी हातचं काही राखलं नव्हतं. मानेच्या मणक्यात नस दबतेय. डाव्या हातातली ताकद गेली, बोटं बधिर होतायत, उद्या पायांची पाळी येईल. ऑपरेशन करायचं तर नेमकं कुठं दबलंय ते दिसायला हवं, आणि ते त्या यंत्रात गेल्याशिवाय दिसणार नाही. "आणखी एकदा पळालात," डॉक्टर म्हणाले, "तर चौथ्यांदा पळायला पाय उरणार नाहीत." यावर बायको हसली. घरी आल्यावर मात्र स्वयंपाकघरात नळ सोडून ती बराच वेळ पाठमोरी उभी होती. भांडं एकही घासलं नाही.

मान कशानं गेली, हे डॉक्टरांना कोडं होतं. "ओझी वाहायचा का?" त्यांनी विचारलं होतं. शिडी म्हणाला, "एकच. डोकं."

तर हे डोक्याचं आधी सांगायला हवं. तरुणपणी हा माणूस थिएटरच्या भिंतींवर सिनेमांची पोस्टरं चिकटवायचा. बाकीच्यांना शिडी लागायची, याला लागत नसे, म्हणून सगळे यालाच शिडी म्हणू लागले आणि आईबापांनी ठेवलेलं नाव सरकारी कागदांपुरतं उरलं. एक दिवस एक दाढीवाले गृहस्थ त्याच्यामागे येऊन उभे राहिले. मान दुखेपर्यंत त्याच्याकडे वर पाहिलं आणि विचारलं, "अंधाराची भीती वाटते?"

"नाही."

"बंद जागेची?"

"कधी बसलो नाही बंद जागेत," शिडी म्हणाला. "मावतच नाही."

"मग उद्यापासून ये."

हे मास्तर. शाळेत विज्ञान शिकवायचे. ते सोडून भीतीचे सिनेमे काढायला लागलेले. "वर्गात वीज शिकवली तर मुलं झोपायची," ते म्हणायचे. "इथं नुसती ठिणगी दाखवली की बायका नवऱ्याचा दंड धरतात. शिकवण्याची पद्धतच चुकली होती माझी." भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता, धंदा म्हणूनही नव्हता. दिवा लावला की भूत जातं, आणि आता घरोघरी दिवे आलेत. पण दिव्याचीच भीती वाटायला लागली तर माणूस काय लावणार? हा त्यांचा सवाल.

त्यांची एक पद्धत होती. दर रविवारी न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसायचे. दाढी करायचे नाहीत, केस कापायचे नाहीत, नुसते ऐकायचे. एखादी गोष्ट तीन रविवारी तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकू आली की तिचा सिनेमा. नदीच्या वरच्या अंगाला नवं वीजकेंद्र झालं आणि 'मासे आंधळे निघतायत म्हणे' असं तिसऱ्यांदा कानावर आलं; चौथ्या महिन्यात शिडी बिनडोळ्यांचा होऊन नदीतून बाहेर येत होता. विमानानं शेतांवर औषध फवारायला सुरुवात झाली, तर शिडी नाकतोडा झाला. कुणाच्या तरी छातीत दुसऱ्याचं काळीज बसवल्याची बातमी आली. एक म्हातारा आरशात बघत म्हणाला, "पण मग बायको ओळखू येत असेल का हो त्याला?" त्या म्हाताऱ्याच्या हे स्वप्नातही नसेल, पण त्याच्या त्या एका वाक्यावर एकशे दहा मिनिटांचा सिनेमा निघाला.

मास्तर स्वतः मात्र पक्के. गल्लीत पहिला टेलिफोन त्यांच्याकडे, पहिला फ्रिज त्यांच्याकडे, आणि डोळ्यांचं ऑपरेशन नव्या यंत्रानं करून घेणारा गावातला पहिला माणूसही तेच. तेव्हा डोळे काढून नेणाऱ्या डॉक्टरचा त्यांचाच सिनेमा थिएटरात चालू होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! पण ब्रह्मज्ञान खपत होतं.

शिडीला आठवत राहिला तो पोलादी माणसाचा खेळ. बाटल्यांच्या कारखान्यात त्या वर्षी नवी यंत्रं आली आणि तीनशे माणसं घरी बसली. ती सगळी बायकामुलांसकट सिनेमाला आली. मागच्या रांगेत अंग चोरून बसलेल्या शिडीला वाटलं, आता किंकाळ्या ऐकायला मिळणार. शेवटी पोलादी माणूस भट्टीत वितळला, तेव्हा ती माणसं खुर्च्यांवर उभी राहून ओरडली. घाबरून नाही. आनंदानं. एकाचे डोळे वाहत होते. राक्षसाची भीती कुणालाच नव्हती. राक्षस दिसतो तरी, त्याला गोळी लागते, आणि शेवटच्या रिळात तो मरतो. कारखान्यातून घरी आलेलं पत्र कुठल्या भट्टीत घालणार? शिडी त्या दिवशी घरी आला आणि जेवला नाही.

आता पोशाख. रबर, फोम आणि तागाचं कापड, वजन बावीस किलो. वर डोकं, अकरा किलो. चेन लावली तर दिव्यात चमकते, म्हणून पाठ रोज सकाळी चांभारी दोऱ्यानं शिवायची, बत्तीस टाके, आणि संध्याकाळी कापायची. एकदा शिवलं की खाणं नाही, खाजवणं नाही, आणि ज्याचं नाव चारचौघांत घेत नाहीत तेही नाही. नाकाच्या भोकातून एक रबरी नळी. तीच पाण्याची, तीच हवेची. आतून ओरडलं तर बाहेर घोरल्यासारखं ऐकू यायचं. म्हणून खूण ठरली होती: डावा हात खांद्याच्या वर गेला की सगळं थांबवायचं आणि टाके कापायचे.

पहिल्याच सिनेमात डोळ्यात घाम गेला आणि शिडीनं हात वर केला. कॅमेरा चालू होता. टाके कापले, पाणी दिलं, सगळं रीतसर झालं. पण रीळ धुऊन आलं तेव्हा मास्तर खुर्चीवरून उठलेच. "हेच! हेच पाहिजे!" तो वर जाणारा डावा हात पोस्टरवर गेला आणि पुढच्या प्रत्येक सिनेमात आला. शाळकरी मुलं रस्त्यात एकमेकांना तसा हात करून घाबरवायला लागली. हात राक्षसाचा झाला, मग शिडीला नवी खूण द्यायला हवी. ठरलं, उजवा पाय दोनदा आपटायचा.

आणि मग पिंपाचा सिनेमा आला. कथा अशी, की एक शास्त्रज्ञ माणसाला फळीवर निजवून एका गोल यंत्रात सारतो. आत किरण सोडतो. माणसाचं आतलं सगळं त्याला दिसतं, आणि जे दिसतं ते बाहेर येतं. न्हाव्याच्या दुकानात तेव्हा क्ष-किरणांवर बोलणं चालायचं. शिडीला आत शिवलं, फळीवर निजवलं, पाय पट्ट्यांनी आवळले आणि पिंपात सारलं. नवी खूण पायाची, आणि पाय बांधलेले. हे एवढ्या माणसांत कुणाच्याही डोक्यात आलं नाही. शिडीच्याही नाही, तो आपला उद्या सुट्टी मिळेल का याचा विचार करत होता.

दिव्यांनी पिंप तापलं. आणि आत सरताना नाकातली नळी निसटली. शिडीनं पाय आपटायला पाहिलं, पाय हलेना. मग त्यानं, दुसरं काहीच उरलं नाही म्हणून, डावा हात वर केला.

"वा!" मास्तरांचा आवाज आला. "वा! आणखी वर! बोटं, बोटं!"

त्यानं बोटं केली. खरंच केली. मरणाऱ्या माणसालाही कुणी शाबास म्हटलं तर तो ऐकतो, हे शिडी पुढे आयुष्यभर स्वतःशी मान्य करत राहिला आणि त्याची त्याला लाज वाटत राहिली.

टाके घालायला तीन दिवसांपूर्वीच एक नवी मुलगी लागली होती. सगळ्यांचे डोळे हातावर होते. तिचे कापडावर, कारण कापड तिचं. छातीवरचं रबर हलत नाहीये, हे तिला दिसलं. ती चालू कॅमेऱ्यासमोर शिरली, फळी खेचली, हा एवढा धिप्पाड गडी कुशीवर लोटला आणि गळ्यातल्या नाडीला बांधलेल्या कात्रीनं पाठ उघडली. मास्तर 'कोण ही, कोण ही' करत राहिले. शिडी सांगतो की तिनं बत्तीस टाके मोजून कापले. ती म्हणते, "मोजायला वेळ होता कुणाला? फाडलं मी."

त्यानंतर मात्र ती रोज संध्याकाळी मोठ्यानं मोजत कापायची. एक, दोन, तीन. म्हणजे आतल्या माणसाला कळावं, किती राहिले. बत्तीस म्हटलं की हवा. अशा बाईशी लग्न नाही करायचं तर कुणाशी?

तिचा हात चित्रात येईपर्यंतचं सगळं मास्तरांनी सिनेमात ठेवलं. चाळीस सेकंद. लोक म्हणे किंचाळायचे. शिडीनं तो सिनेमा कधीच पाहिला नाही, आणि पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं तो लिफ्टमध्ये बसला नाही, संडासाला आतून कडी घातली नाही, आणि झोपताना पांघरूण छातीच्या वर ओढून घेतलं नाही.

म्हणून दोन महिन्यांपूर्वी एमआरआयच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा तो जागच्या जागी थिजला. पांढरं होतं, स्वच्छ होतं, पण पिंपच होतं. फळी तीच. पट्टे तेच. मास्तर वारून वीस वर्षं झाली होती आणि त्यांचं यंत्र कुणीतरी खरंच बनवलं होतं.

आज दोघं बाहेरच्या बाकावर बसले होते. समोर हिरव्या शालीतली एक बाई आणि तिची सून. सून रडकुंडीला आलेली.

"मी नाही जायची त्या पिंपात," बाई म्हणत होत्या. "पाहिलाय मी तो सिनेमा, लग्नाच्या आधी. असंच फळीवर निजवतात, असंच आत ढकलतात, आणि मग तो हात..." त्यांनी डावा हात वर केला, बोटं वाकडी केली.

बायकोनं शिडीला कोपरानं ढोसलं. शिडी खाली बघत बसला. तिनं पुन्हा ढोसलं.

"तो मी होतो," शिडी म्हणाला.

"चेष्टा करू नका हो म्हाताऱ्या माणसाची."

शिडी उभा राहिला. पूर्ण उभा. बाई शालीसकट मागे सरकल्या.

"पाण्याचं पिंप होतं ते, भंगारातलं," तो म्हणाला. "चंदेरी रंग मारलेला. आतल्या लाल दिव्यांचा तर किरणांशी काही संबंध नव्हता, ते केस वाळवायचे दिवे, पार्लरमधून आणलेले होते. आणि तो आवाज आठवतो? धाड धाड, घर्र?"

"आठवतो म्हणजे! अजून पोटात गोळा येतो."

"कपडे धुवायच्या मशीनमध्ये बूट टाकला होता."

बाई आधी त्याच्याकडे बघत राहिल्या, मग सुनेकडे, आणि मग अशा हसल्या की काउंटरवरच्या माणसानं मान वर केली. "बूट! अगं, बुटाला घाबरले मी इतकी वर्षं! आणि तो हात?"

"हात..." शिडी म्हणाला. "तो अभिनय. तेवढा बरा जमला."

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं.

हिरव्या शालीतल्या बाई आत गेल्या आणि अर्ध्या तासानं तरतरीत बाहेर आल्या. "बूटच हो!" त्यांनी दुरूनच ओरडून सांगितलं. "अगदी बूट!" सून शिडीच्या पाया पडायचीच बाकी राहिली होती. बाई गेल्या, बरं झालं, पण आता त्याला पळायला तोंड उरलं नव्हतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथं ब्रह्मराक्षसच भित्रा, त्यानं कुणाकडे बघायचं?

टेक्निशियन बाहेर आली. तिशीची मुलगी, केस घट्ट बांधलेले. "काका, तिसरी वेळ ना? आज जमवू या."

"ही येईल माझ्याबरोबर," शिडी म्हणाला.

"नातेवाइकांना येता येतं. मावशी, अंगावर धातूचं काही?"

बायकोनं गळ्यातली नाडी काढली. कात्री तीच, नाडी कितवी तरी. मग ती थांबली आणि डाव्या खांद्याखाली बोट ठेवून म्हणाली, "हे मात्र काढता येणार नाही." तिथं कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र होतं. हृदयाचे ठोके चुकायला लागले म्हणून आठ वर्षांपूर्वी बसवलेलं. तेव्हा शिडीनं हॉस्पिटलात सही करायला एक अख्खा दिवस घेतला होता. त्या यंत्रावर ती आठ वर्षं चालत होती, भांडत होती, त्याची जाकिटं उसवून पुन्हा शिवत होती.

"मग नाही हो मावशी," मुलगी म्हणाली. "पेसमेकर असला की पिवळ्या रेषेच्या आत पाऊल नाही. काचेमागे बसा माझ्याजवळ."

पळायचं तर आत्ताच. शिडीनं दाराकडे पाहिलंसुद्धा.

"अहो," बायको म्हणाली, "माझ्यात यंत्र घातलं, मी काय बदलले?"

"जास्त बोलायला लागलीस."

"मग जा."

तो गेला. फळीवर निजला. मुलीनं त्याच्या उजव्या मुठीत रबरी फुगा दिला. "काही वाटलं की दाबा. मी लगेच येते."

"लगेच म्हणजे?"

"लगेच."

त्यानं लगेच दाबून पाहिला. मुलगी दारातून परत आली. त्यानं पुन्हा दाबला, ती पुन्हा आली. तिसऱ्यांदा दाबला तेव्हाही आली, आणि बिचारी रागावली नाही. मग तोंडावर एक पिंजरा बसला, फळी आत सरकली, आणि नाकासमोर वीतभर अंतरावर छत आलं.

बूट सुरू झाला. पण बूट म्हणून काही तो बूट होत नव्हता. दुसऱ्याला सांगितलेली खरी गोष्ट स्वतःला उपयोगी पडेल तर काय हवं होतं! शिडीला रबराचा वास आला. इथं रबर नव्हतं, तरी आला. श्वास आखूड झाला. डोळे उघडले, तर पिंजऱ्यावर एक छोटा आरसा होता, आणि त्यात पायांकडची काच दिसत होती. काचेमागे बायको उभी होती. तिच्या हातात कात्री. तिनं ती वर धरली, हवेत एकदा उघडून मिटली, आणि तिचे ओठ हलले.

एक.

शिडीनं तिच्याबरोबर मोजायला घेतलं. दोन. तीन. घर्र आवाज थांबायचा, धाड धाड सुरू व्हायचा, कात्री आपल्या चालीनं चालत राहायची. दहा. सतरा. पाठीवर एकेक टाका सुटतोय असं खरंच वाटत होतं. तीस, एकतीस. बत्तीस.

यंत्र थांबलं नाही.

बत्तीसनंतर हवा यायची. नेहमी यायची. बत्तीसच्या पुढे काय असतं ते शिडीच्या अंगाला माहीतच नव्हतं. त्याच्या छातीवर कुणीतरी बसलं. मुठीत फुगा आहे हे तो साफ विसरला, आणि पलीकडचा हात, तो बधिर, मेलेला डावा हात, आपला आपण उठला. चार बोटं वर गेला असेल, जास्त नाही. चादर तेवढी उचलली.

कानात मुलीचा आवाज आला. "काका, थोडं हलताय. पण छान चाललंय हं, अगदी छान."

वा, आणखी वर. शिडीला रडू फुटलं. त्यानं आरशात पाहिलं, तर काचेमागे बायको नव्हती.

धाडकन सगळा आवाज बंद झाला. फळी बाहेर सरकली. उजेड, छत, मुलीचा घाबरलेला चेहरा, पिंजरा उघडणारी तिची बोटं. दारात पिवळ्या रेषेवर, अगदी रेषेला चवडे टेकवून, बायको उभी होती आणि धापा टाकत होती.

"त्यांनी फुगा दाबला नव्हता मावशी," मुलगी म्हणत होती.

"फुगा नाही दाबायचे ते. हात वर केला होता."

"मला तर दिसलाच नाही."

"मला दिसला," बायको म्हणाली.

शिडी नुसता पडून राहिला. श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. मुलीनं त्याचे डोळे पुसले. "काका, आज राहू द्या का?"

त्यानं दाराकडे पाहिलं. ते उघडं होतं. झगा मागून उघडाच होता, पार्किंगची वाट माहीत होती, आणि पाय अजून चालत होते.

"किती राहिलंय?"

"तुम्ही हललात ना, मानेचं सगळं पहिल्यापासून घ्यावं लागेल. वीस मिनिटं."

"घाला," शिडी म्हणाला.

मुलीनं फुगा पुन्हा मुठीत दिला, पिंजरा लावला. फळी सरकायच्या आधी त्यानं मान न हलवता विचारलं, "अगं, पण बत्तीस संपले की?"

"संपले की तेहेतीस," बायको म्हणाली, आणि काचेमागे आपल्या जागेवर गेली.